बंबासाठी

शाळेचं बास्केटबॉलचं मैदान, छताखालचं.
दोनशे घडीच्या खुर्च्या. माझी तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.
फरशीच्या पॉलिशचा वास, त्यावर राजमा-खिम्याच्या रश्शाचा,
आणि भिंतीवर, माझ्या खांद्याइतकी उंच,
मार्चमधल्या पाण्याची तपकिरी रेघ.
दोनदा रंग दिला तरी वर येतेच.

त्याच पाण्यानं आमचा एकुलता एक बंब नेला.
दोन मैल खाली, मेथडिस्ट चर्चच्या अंगणात सापडला,
चाकं वर करून, मेलेल्या बेडकासारखा.

तिकीट नाही. दाराशी घोड्याच्या खुराकाची बादली.
मी वीस टाकले, मग आणखी पाच,
कारण आर्डिथ बघत होती.

एकतीस वर्षं मी होबर्ट स्टॅम्परच्या मागे आहे.
केंटकीतल्या जत्रा, गुरांचे बाजार,
एकदा तर टायरच्या दुकानाचं उद्घाटन,
तिथं आम्ही अकरा जण होतो आणि एक कुत्रा.
रॉस्कोला वाटायचं, बाईचं कंट्रीचं खूळ जाईल कधीतरी.
रॉस्को गेला. खूळ राहिलं.

होबर्ट आला. टोपी तीच, खालचा माणूस लहान झालेला.
कुणीतरी स्टूल दिलं, त्यावर त्यानं पाण्याची बाटली ठेवली
आणि उभाच राहिला.
वरचे सूर आता त्यानं फिडलवाल्या पोरीला देऊन टाकलेत,
म्हातारपणी वरचा मजला भाड्यानं द्यावा तसे.

तिसऱ्या गाण्यात एक पेजर वाजला. मग दुसरा. मग सगळेच.
पुढची अख्खी रांग उठली:
डॉयल, कॉम्ब्स भाऊ, गणिताचा मास्तर,
रश्शाचे कागदी वाडगे खुर्चीखाली सारून.
कुठंतरी आग. बंब नाही,
म्हणून जो तो आपापल्या पिकअपनं.
होबर्टनं गाणं थांबवलं नाही, पुढंही नेलं नाही.
गिटारीवर एकच मेळ धरला, तोच, तोच,
कुणासाठी दार धरून उभं राहावं तसा,
शेवटचा बूट बाहेर पडेपर्यंत.

आणि मग त्याला पुढचं आठवेना.

माझे ओठ हलत होते. सवयीनं.
भांडी घासतानाही हलतात.
त्याची नजर रांगा चाचपत आली
आणि माझ्या तोंडाशी थांबली,
पोहायला शिकणारं पोर काठ धरतं, तशी.
मी 'तुझी' म्हटलं. तो 'तुझी'.
मी 'वात' म्हटलं. तो, एक क्षण थांबून, 'वात'.
तुझी वात मी विझू दिली नाही.
पुढच्या ओळी त्याच्या त्याला सापडल्या.

'चुकला,' आर्डिथ कानाशी म्हणाली.
तिच्याकडे रेकॉर्डचं छापील पाकीट आहे.
'वाट आहे ते. तुझी वाट मी बुजू दिली नाही.'

माझी कॅसेट एका उन्हाळ्यात गाडीत अडकली होती.
पेन्सिलनं गुंडाळून जगवली. नेमकी तिथंच
फीत चुरगळलेली आहे.
त्या सुरकुतीत मी दिवा लावून बसले,
रॉस्कोच्या खोकल्याच्या सगळ्या रात्री
त्याच्याच उजेडात काढल्या.

आर्डिथला काही बोलले नाही.
लिलावातला केक कापायला उठले.

साडेनऊला माणसं परतली. कोठार गेलं, खेचर वाचलं.
धुराचा वास रश्शावर चढून बसला.
बादलीत चार हजार एकशे बारा डॉलर,
एक कॅनडाचं नाणं, शर्टाचं एक बटण.
'पुढची चाकं येतील,' डॉयल म्हणाला,
'आणि फार तर घंटा.'

होबर्टनं जाताना टोपीला बोट लावलं,
मला, की भिंतीवरच्या रेघेला, कोण जाणे.

बाहेर गाड्या सुरू होत होत्या.
फिडलवाली पोरगी पेटी डिकीत ठेवता ठेवता
तीच ओळ गुणगुणत होती.
मी काच खाली केली, कान दिला.
ट होता की त,
इंजिनांच्या आवाजात कळलं नाही.